वर्षभर घालता येईल अशी टेक्श्चरवाली क्रोशे बकेट हॅट, धागा कुठला आणि टाका कुठला?

गंगापूररोडवाली

नमस्कार मंडळी, क्रोशेवाल्यांना एक विचारायचंय, जरा लांबण लागलीय पण वाचा प्लीज. मला स्वतःसाठी बकेट हॅट करायचीय, प्लेन नको, बाजूने टेक्श्चर असलेली, ते फुगीर बॉबल असतात ना तशी नाहीतर मग टोपलीची वीण, इन्स्टावर बघून बघून डोक्यात बसलीय. क्रोशे बऱ्यापैकी येतं, बाळंतविड्याची टोपडी, रुमाल, मोबाईलची पर्स असलं सगळं केलंय, पण मोठ्या माणसाची आणि कडवाली टोपी कधी केलेली नाही.

अट एकच, ती बारमाही वापरता आली पाहिजे. थंडीत सकाळी जॉगिंग ट्रॅकवर जाते तेव्हा कान बधिर होतात आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर पडलं की टाळू तापते. नाशिकची हवा काय छान म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात दुपारी एकला सीबीएस बसस्टँडच्या सिग्नलला उभं राहून दाखवावं. दोन टोप्या करायचा पेशन्स नाही, खरंच नाही.

घरात आईच्या स्वेटरांची उरलेली ॲक्रिलिक लोकर पिशवीभर पडलीय, आई म्हणते आधी ती संपव मग नवीन आण. ती वापरू का? टाका कुठला घेऊ म्हणजे टेक्श्चर दिसेल पण डोकं उकडणार नाही? आणि ती कड, मैत्रिणीने केली होती तिची कड धुतल्यावर दोन्ही बाजूंनी कानांवर लोंबायला लागली, ते कसं टाळायचं? डोक्याचा घेर 57 सेंमी आहे, केस भरपूर.

सिडकोची काकू

अगं आधी ती ॲक्रिलिकची पिशवी बाजूला ठेव, आईला सांग पायपुसणं करून देते. ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लॅस्टिकचाच धागा, घाम पीत नाही. थंडीत बरी वाटते पण होळी झाली की त्याच टोपीत डोकं उकडून निघतं आणि कपाळाला खाज सुटते ती वेगळीच. सुती धागा घे, 8 प्लायचा म्हणजे मध्यम जाडीचा, आणि 4 एमएमची सुई. सुती घाम शोषतो, हवा खेळती राहते, धुवायला सोपा. फक्त त्याला लोकरीसारखी लवचीकता नसते, ओढला गेला की परत जागेवर येत नाही, म्हणून टोपी डोक्यापेक्षा थोडी घट्टच करायची, वापरून सैल होतेच. कॉटन-ॲक्रिलिक मिक्सही चालेल, वजनाला हलका पडतो, पण निम्म्याहून जास्त कॉटन आहे ना ते गुंड्याच्या पट्टीवर वाचून घे. मेनरोडच्या आतल्या गल्ल्यांत जाऊन हात लावून घेतलेला बरा, फोटोत जाडी कळत नाही. 100 ग्रॅमचे दोन गुंडे एकदमच घे आणि लॉट नंबर जुळवून घे, म्हणजे दोन्ही एकाच वेळी रंगवलेले असतात, नाहीतर पांढऱ्यातसुद्धा फरक दिसतो आणि तो नेमका टोपीच्या मधोमध येतो.

आता टाका. बॉबल दिसतात गोड पण प्रत्येक बॉबल म्हणजे एकाच घरात, खालच्या एकाच टाक्यात, पाच अर्धवट खांब (उंच टाके), शेवटी सगळे एकदम बंद. धागा खातात, टोपी जड होते, आणि तेवढी जाडी डोक्यावर म्हणजे ऊब आलीच, मे महिन्यात नको होईल तुला. अजून एक भानगड असते, गोल विणताना सुलटी बाजू कायम आपल्याकडे असते आणि बॉबल पळतो मागे, म्हणजे टोपीच्या आत. मग प्रत्येकाला बोटाने बाहेर ढकलत बसावं लागतं. करायचेच असतील तर वरची चकती झाली की काम उलटं करायचं, टोपीची आतली बाजू आपल्यासमोर घ्यायची आणि तसंच विणत जायचं, मग ते आपोआप बाहेरच्या अंगाला येतात.

माझं मत विचारशील तर एक मुका खांब, म्हणजे बुटका टाका, मग एक खांब, परत एक मुका खांब, एक खांब असं करत जा आणि वरच्या फेरीत उलट, म्हणजे मुक्यावर खांब आणि खांबावर मुका. एवढंच. राजगिऱ्याच्या वडीसारखा दाणेदार पोत येतो, लांबून पण दिसतो, वीण घट्ट बसते आणि जाडी फारशी वाढत नाही. टोपलीची वीण पण सुंदर दिसते, पण त्यात खालच्या खांबाला पुढून-मागून वेढा घालून विणायचं असतं, त्याने कापड आत खेचलं जातं, तेवढ्याच टाक्यांत टोपी लहान होते. ती घेतलीस तर अंगासाठी, म्हणजे चकतीखालच्या उभ्या भागासाठी, सुई अर्ध्या नंबरने मोठी घे आणि दोन-तीन फेऱ्या झाल्या की डोक्यावर घालून बघ.

हरिहर_चढणारा

काकूंना प्लस वन. मी मुलगा असून क्रोशे करतो यावर हसायचं असेल तर हसून घ्या, तोवर मी माप सांगतो.

57 मधून 2 वजा कर, काकू म्हणतात तसं सुती धागा सैल होतो म्हणून. राहिले 55. त्याला 3.14 ने भाग, साडेसतरा. म्हणजे वरची चकती साडेसतरा सेंमी रुंद झाली की वाढवणं बंद आणि सरळ खाली उतरायचं, बाकी काही गणित नाही यात. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून बंद होणाऱ्या सुरुवातीच्या फासात, 6 मुके खांब, मग दर फेरीला 6 वाढव. माझ्या हाताला 4 एमएमच्या सुईने 15 फेऱ्यांत 90 टाके होतात आणि साडेसतरा तिथेच येतं. तुझा हात सैल असेल तर आधीच येईल, तेव्हा फेऱ्या मोजत बसू नको, पट्टी लावून बघ. वाढीचा टाका दर फेरीला एकावर एक आला तर गोल न होता षटकोन होतो, तो दर फेरीला थोडा पुढेमागे सरकवायचा. चकतीला झालर पडायला लागली तर वाढ जास्त होतेय, वाटीसारखी वळायला लागली तर कमी, साधा हिशोब.

व्हिडिओ बघून करणार असशील तर एवढं लक्षात ठेव की अमेरिकन व्हिडिओतला सिंगल क्रोशे म्हणजे काकूंचा मुका खांब, पण ब्रिटिश पॅटर्नमध्ये त्यालाच डबल लिहितात, मिसळलं की टोपीचा टेबलक्लॉथ होतो भो.

अंगाची उंची साडेआठ-नऊ सेंमी, म्हणजे चकतीच्या मध्यापासून कडेच्या सुरुवातीपर्यंत साडेसतराच्या आसपास, तुझे केस भरपूर आहेत तर वाटल्यास अर्धा सेंमी जास्त.

आता कड. ती लोंबते कारण लोक अंगासारखीच सैल विणतात आणि वर भरमसाट वाढवतात. कडेला सुई बारीक कर, 3.5 ची, आणि सगळे मुके खांब, तिथे टेक्श्चर बिक्श्चर काही नको. 90 वरून पहिल्या फेरीत पाच टाके साधे आणि सहाव्या घरात दोन असं करत गेलं की 105 होतात, मग दोन फेऱ्या साध्या, मग सहा साधे आणि सातव्यात दोन, 120, परत दोन साध्या, मग सात साधे आणि आठव्यात दोन, 135, आणि पुढे न वाढवता 6 सेंमी होईपर्यंत. अशी कड ताटासारखी आडवी पसरत नाही, थोडी खाली झुकलेली राहते, तेच पाहिजे. 6 सेंमी का, तर ऑस्ट्रेलियातली कॅन्सर कौन्सिल मोठ्या माणसाच्या बकेट हॅटला कड किमान 6 सेंमी हवी म्हणते, उन्हासाठीच. इन्स्टावरच्या 3-4 सेंमीच्या कडा फोटोपुरत्या.

आणि टोपी झाली की उजेडासमोर धरून बघ. ठिपके ठिपके उजेड येत असेल तर ऊन पण तेवढंच येणार, मग सुई बारीक करायला पाहिजे. म्हणून लेसवाल्या, जाळीच्या टोप्या उन्हाळी म्हणून विकतात त्याचं मला कायम हसू येतं.

निफाडची_सून

सगळं बरोबर आहे हो पण थंडीचं काय? नाशिक शहरात ठीक आहे, आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकड्यावर येतो, द्राक्षबागा वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवतात लोक, तिथे तुमची सुती टोपी काय करणार, वारा आरपार जातो. मी ॲक्रिलिकचीच केलीय, भरगच्च बॉबलची, आणि ती थंडीत एक नंबर आहे. एकच टोपी बारमाही हा हट्ट सोड ताई. बॉबलवाली लोकरीची एक थंडीला आणि पातळ सुती एक उन्हाळ्याला. आईची पिशवी पण संपेल.

सिडकोची काकू

निफाडची, ती बिचारी आधीच म्हणतेय दोन करायचा पेशन्स नाही. आणि बॉबल थंडीला चांगले हे मी म्हटलंच की.

निफाडची_सून

म्हटलंत काकू, पण लगेच पुढे नको पण म्हटलंत 😄

गंगापूररोडवाली

अरे बापरे एवढं सगळं! थँक्यू सगळ्यांना. सुती धागा आणला, मातकट हिरवा, माती लागली तरी दिसायची नाही. चकती झाली, 90 टाक्यांत बरोबर साडेसतरा, दादा तुमचा आणि माझा हात सारखा निघाला. आता काकूंची दाणेदार वीण सुरू केलीय तर पहिली फेरी छान आली आणि दुसऱ्या फेरीला खांबावर खांबच येतोय, मुक्यावर मुका. उभ्या रेघा दिसतात, दाणे नाहीत. मी फेरी जोडत नाही, तशीच गोल गोल विणत जाते आणि फेरी कुठे सुरू झाली ते कळायला मार्कर लावते. काय चुकतंय?

मुकाखांब

चुकत काही नाही, टाके सम आहेत म्हणून होतंय. न जोडता गोल विणताना या विणीला विषम टाके लागतात. 90 असले की 91वा परत मुकाच येतो आणि तो मुक्यावर बसतो. दुसरी फेरी उसव, पहिल्या फेरीत कुठेतरी एक टाका वाढवून 91 कर, पुढे आपोआप उलटसुलट पडत जाईल. एका टाक्याने मापाला काही फरक पडत नाही. कडेला जायच्या आधी तो एक परत कमी कर म्हणजे दादाचा 90 चा हिशोब जुळेल. फेरी जोडून विणणाऱ्यांना सम टाकेच पाहिजेत, म्हणून व्हिडिओत सम दिसतात.

गंगापूररोडवाली

जमलं!!! काय सुंदर दिसतंय. पण निफाडच्या ताईंचं पण डोक्यात घोळतंय, कान उघडेच राहणार ना यात? बकेट हॅट कानावर येतच नाही.

मशीनवाली_इंदिरानगर

मी क्रोशे फारसं करत नाही, शिवण करते, म्हणून इतका वेळ गप्प होते. पण याला शिवणातला उपाय आहे. टोपी एकच ठेव, सुतीच, आणि थंडीसाठी काढता-घालता येईल असं फ्लॅनेलचं अस्तर शिव. लहान मुलांची दुपटी-झबली करतो तेच मऊ फ्लॅनेल, पाव मीटरमध्ये होतं. उन्हाळ्यात अस्तर काढून कपाटात, थंडीत टिचबटणं दाबली की झालं. वारा आरपार जायचा तो अस्तराने थांबतो, आणि बाहेरची दाणेदार वीण तशीच दिसत राहते.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची, अस्तराचं माप टोपीचं घ्यायचं नाही, डोक्याचं घ्यायचं. क्रोशे ताणला जातो, विणलेली टोपी 55 ची असली तरी डोक्यावर 57 होते. फ्लॅनेल ताणत नाही. अस्तर 55 चं शिवलंस तर टोपी डोक्यात शिरणारच नाही. तर तयार घेर 58 धर, शिलाईसाठी कडेने एकेक सेंमी वेगळं. वरची चकती साडेअठरा तयार, आणि बाजूची पट्टी टोपीच्या अंगाएवढी उंच.

आणि कानांसाठी, त्या पट्टीला दोन्ही बाजूंना कानाच्या जागी खाली 7-8 सेंमी लांब असे गोलसर कानपट्टे काप, फ्लॅनेल दुहेरी घेऊन. ट्रॅकवर असताना ते खाली सोडायचे, ऊन आलं की आत दुमडून टाकायचे, बाहेरून कळत पण नाही. पट्टी कापताना शिलाई डोक्याच्या मागे येईल असं बघ, कपाळावर आली तर टोचते.

निफाडची_सून

हे बेस्ट आहे. माझी माघार. (बॉबलवाली टोपी मात्र मी सोडणार नाही)

हरिहर_चढणारा

मी पण करणार हे, अंजनेरीला पहाटे थंडी फार वाजते. ताई, एक विचारायचं राहिलं, टोपी स्कूटीच्या डिक्कीत कोंबणार आहेस का? मग कडेत नायलॉनची तार बिर घालू नकोस, काही लोक कड ताठ राहायला घालतात, पण दुमडली की तिला बाक पडतो आणि मग तो जात नाही. त्यापेक्षा शेवटची फेरी मुक्या खांबांचीच पण उलट्या दिशेने, डावीकडून उजवीकडे विण. विणायला हात अडखळतो पण दोरीसारखा कडक काठ येतो आणि कड आकार धरून राहते. आणि वाऱ्यासाठी हनुवटीखाली साखळी टाक्यांची नाडी लाव, मागे मणी घालून, त्र्यंबकरोडला एकदा माझी टोपी उडून थेट उसाच्या रसवाल्याच्या टेबलावर गेली होती.

गंगापूररोडवाली

😂😂 नाडी नक्की. डिक्कीतच जाणार आहे, हेल्मेटच्या जागी. आणि पावसाळा? बारमाही म्हटलं तर तो पण आला ना.

सिडकोची काकू

पावसाळा विसर. सुती टोपी भिजली की पाणी पिऊन दुप्पट जड होते, कड डोळ्यांवर येते आणि आपल्याकडच्या दमट हवेत लवकर वाळत नाही, कुबट वास धरते. तसं बघायला गेलं तर बकेट हॅट मूळची आयर्लंडच्या शेतकऱ्या-कोळ्यांची, पावसातच घालायची, पण ती लोकरीच्या जाड कापडाची, आपली सुताची. त्यामुळे जूनमध्ये धुवून कडक उन्हात, ऊन असेल तर, पूर्ण वाळवून ठेवून दे आणि रेनकोटची टोपी घाल चार महिने. आठ महिने चालली तरी माझ्या लेखी बारमाहीच.

धुताना पिळायची नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि डोक्याच्या मापाच्या पातेल्यावर पालथी घालून वाळवायची. दोरीवर चिमट्याने टांगलीस तर पाण्याच्या वजनाने लांब होते, मैत्रिणीची कड बहुतेक अशीच गेली असणार. तरी कड मऊ पडली तर साबुदाण्याची पातळ खळ फक्त कडेला लाव, अंगाला नको, आणि वाळताना हाताने आकार दे. पहिल्यांदा पाण्यात घालायच्या आधी उरलेल्या धाग्याचा तुकडा भिजवून पांढऱ्या कपड्यावर दाबून बघ, गडद हिरवा रंग सोडू शकतो.

मुकाखांब

एक अवांतर. टोपी घालून बाहेर पडलीस की दोनशे रुपयांत मला पण करून दे म्हणणारे भेटतील. क्रोशेची मशीन नसते, खऱ्या क्रोशेची टोपी असेल तर ती कुणाच्या तरी हातचीच असते. त्यांना सुई आणि गुंडा घेऊन दे, शिकवते म्हण. पुन्हा विचारत नाहीत.

गंगापूररोडवाली

हाहा, ऑलरेडी विचारलं एका मावसबहिणीने. बरं, अंग झालंय, कड चालू आहे, 105 वर आलेय. फ्लॅनेल आणते या आठवड्यात. मशीनवाल्या ताई, टिचबटणं किती आणि कुठे? क्रोशेच्या भोकांत बटण टिकेल का, ओढलं की टाका उसवेल असं वाटतंय.

मशीनवाली_इंदिरानगर

बरोबर वाटतंय, थेट क्रोशेवर लावू नको. जिथे अंग संपून कड सुरू होते तिथे आतून 2 सेंमी रुंदीची सुती पट्टी सगळीकडून हाताने टाचून घे. सुती पट्टी तिरकी कापलेली हवी, म्हणजे टोपीबरोबर ती पण थोडी ताणते, आणि टाचताना टोपी पातेल्यावर चढवून टाच, नाहीतर वरची मेहनत पाण्यात. कपाळाचा घाम पण पट्टीच शोषेल, टोपीला डाग पडणार नाहीत. बटणं त्या पट्टीवर लाव. सहा पुरेत, एक कपाळाच्या मधोमध, एक बरोबर मागे, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन, कानपट्ट्याच्या पुढे एक मागे एक. टिचबटणाची खोबणीवाली बाजू टोपीला आणि टोकवाली बाजू अस्तराला, उलट लावलंस तर उन्हाळ्यात अस्तर काढल्यावर ती सहा टोकं कपाळाला टोचत बसतील.